‘स्वखुशीने काम सोडले’



जरीपटका, इंदोरा, मेकोसाबाग, बेझनबाग या आपल्या वस्त्यांतून रोज पहाटे कित्येक माणसे डबा घेऊन हिंगणा आणि बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींकडे निघतात. त्यांतील पुष्कळांचे नाव कारखान्याच्या नव्हे, तर ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते. त्यांच्या वेतनातून दरमहा एक लहानशी रक्कम कापली जाते. ती कशासाठी कापता, असे त्यांना विचारावे तर ‘दवाखान्यासाठी’ असे उत्तर मिळते. उत्तर चूक नाही, परंतु ते अर्धेच आहे. त्या रकमेने कामगार राज्य विमा योजनेखाली केवळ दवाखाना मिळत नाही. काम गेल्यावर काही काळ रोख साहाय्य मागण्याचा मार्गही त्याच रकमेने खुला होतो. हे दुसरे अर्धे ज्यांना ठाऊक नसते, ते काम सुटल्याच्या दिवशी ठेकेदाराचा कारकून पुढे करील त्या कागदावर सही करून घरी येतात. त्या कागदावर बहुधा एकच वाक्य असते : ‘मी स्वखुशीने काम सोडीत आहे.’

या एका वाक्याची किंमत किती, हे आपण प्रथम आकड्यांनी पाहू.

महिना १५,००० रुपये वेतन मिळविणारा कामगार घ्या. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे त्याच्या वेतनातून शेकडा पाऊण टक्का, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे कापावयाचे आणि मालकाने आपल्या पदरचे शेकडा सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे भरावयाचे. दोन्ही मिळून दरमहा ६०० रुपये. दोन वर्षांत या एका कामगाराच्या नावाने १४,४०० रुपये विमा महामंडळाकडे जमा होतात. आता त्याचे काम गेले. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली, जी १ जुलै २०१८ पासून सुरू झाली, त्याला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत साहाय्य मागता येते. आरंभी हे साहाय्य सरासरी दैनिक वेतनाच्या एक चतुर्थांश होते. २४ मार्च २०२० पासून ते निम्मे करण्यात आले. सरासरी काढावयाची ती दोन वर्षांच्या एकूण वेतनाला ७३० ने भागून. आपल्या कामगाराच्या बाबतीत ती ४९३ रुपये येते, तिचे निम्मे सुमारे २४६, आणि ९० दिवसांचे मिळून २२ हजारांच्या किंचित वर. घरभाडे, किराणा आणि मुलांची शाळा ज्याने तीन महिने रेटता येईल असा हा पैसा आहे. ‘स्वखुशीने’ या एका शब्दाखाली सही केल्याने जे संकटात पडते, ते हे.

आपल्यापैकी कित्येकांचा असा समज आहे की, बेकारीचा भत्ता म्हणजे सरकारने दिलेले दान. मिळाले तर आनंद, न मिळाले तर दैव. हा समज मुळापासून काढून टाकला पाहिजे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि विमा घेणाऱ्याच्या हप्त्यावर. येथे हप्ता भरलेला आहे. वेतनातून कापलेला पैसा तर आपला आहेच. मालकाने भरलेला पैसाही आपल्या श्रमाशी निगडित आहे, तो त्याची मेहेरबानी नव्हे. सबब या कार्यालयात जाताना हात जोडून जाण्याचे कारण नाही, आणि भांडत जाण्याचेही नाही. विमाधारक म्हणून जावे.

या विम्याचा इतिहास आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते. त्याच काळात औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा विचार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि त्यांनी आपला अहवाल १९४४ साली सादर केला. त्या पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन झाले, आणि १९५४ साली ती नागपुरास आली. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात, त्यातून येणारे अपंगत्व व मृत्यू, एवढी संकटे त्या कायद्याने विम्यात आणली. बेकारी मात्र त्यात नव्हती. त्या संकटाला योजनेत जागा मिळण्यास १ एप्रिल २००५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू झाली, आणि तीही फक्त कारखाना बंद पडणे, कामगारकपात होणे किंवा कामाबाहेरच्या इजेने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येणे, एवढ्या कारणांपुरती.

आपल्या नागपुरात या उशिराचा अर्थ काय झाला, ते पाहावयाचे असेल तर एम्प्रेस मिलची आठवण करावी. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ही गिरणी. तिच्या सूतखात्यात आपल्या किती पिढ्या खपल्या, हे उत्तर नागपुरातील जुन्या घरांना सांगावयास नको. १९८६ साली ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. बेकारीचे साहाय्य देणारी पहिली योजना आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. ज्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे हप्ते भरून ही विमायोजना पोसली त्या पिढीला तिच्यातील बेकारीचे साहाय्य पाहावयासही मिळाले नाही. आज जे मिळते ते त्यांच्या मुलानातवांनी तरी वाया घालवू नये, एवढे म्हणण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. योजनेच्या अटी तशा जाचक नाहीत. काम सुटण्यापूर्वी किमान दोन वर्षे विम्याच्या कक्षेतील नोकरी असावी. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहासहा महिन्यांचे अंशदानकाळ असतात. त्यांपैकी काम सुटण्याच्या लगतपूर्वीच्या काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान असावे, आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन काळांपैकी कोणत्याही एकात आणखी ७८ दिवसांचे. गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलेला, सेवानिवृत्तीचे वय झालेला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, हे वगळलेले आहेत. पूर्वी मालकाच्या मार्फत दावा करावा लागे. २०२० मध्ये ती अट काढण्यात आली आणि कामगाराने स्वतः महामंडळाच्या संकेतस्थळावर दावा नोंदवावा अशी सोय झाली. काम सुटून ३० दिवस झाले म्हणजे दावा करता येतो. शपथपत्राची अटही त्याच वर्षी गेली. कागदोपत्री पाहता रस्ता सरळ आहे.

तथापि दाव्याचा निकाल कार्यालयात लागण्यापूर्वी पुष्कळदा कारखान्याच्या फाटकावरच लागून गेलेला असतो. मालकाने वा ठेकेदाराने दरमहा जे अंशदानपत्रक भरावयाचे असते, त्यात कामाचे दिवस शून्य दाखविले तर कारण नोंदवावे लागते. त्या कारणांच्या यादीत ‘सेवा सोडली’ हे आहे, ‘कामगारकपात’ हे आहे, ‘काम नाही’ हे आहे, आणि ‘रजेवर’ हेही आहे. कारण निवडणारा हात ठेकेदाराच्या कारकुनाचा. कपात लिहिली तर नोटीस आणि नुकसानभरपाई यांचे प्रश्न उभे राहतात, म्हणून तो ‘सेवा सोडली’ निवडतो आणि जोडीला आपली सही घेतलेला ‘स्वखुशीचा’ कागद फाइलीत ठेवतो. कधी तो ‘रजेवर’ लिहून मोकळा होतो. मग कामगार घरी बसलेला असूनही नोंदवहीत नोकरीवरच राहतो, आणि बेकार नसलेल्यास बेकारीचे साहाय्य कोण देणार? आणखी एक प्रकार आमच्या भागात वारंवार आढळतो. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार त्याच माणसाचा नवा विमा क्रमांक काढतो. माणूस एक, यंत्र एक, फाटक एक, परंतु क्रमांक दोन. एका क्रमांकावर चौदा महिने, दुसऱ्यावर अकरा, आणि दोन वर्षे कोठेच पुरी नाहीत. वास्तविक विमा क्रमांक कामगारास एकदाच मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालावयाचा असतो. नव्या ठेकेदाराकडे पहिल्याच दिवशी जुना क्रमांक लिहून देणे, ही गोष्ट आपल्या घरातील कर्त्या माणसांनी तरी लावून धरावी.

माझ्याकडे गतवर्षी एक गृहस्थ आले. सव्वाचार वर्षे एकाच कारखान्यात, तीन ठेकेदारांखाली वेष्टनाच्या विभागात होते. मागणी घटली म्हणून बारा जणांस ‘उद्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगण्यात आले आणि शेवटचा पगार हवा असेल तर सही करा, असे बजावण्यात आले. बाराही जणांनी सह्या केल्या. त्यांना दोष देणे मला जमत नाही. महिनाअखेर आहे, घरी पैसा नाही, समोर आपलाच कमावलेला पगार पाकिटात बंद आहे. अशा वेळी सही ही स्वखुशी नसून खंडणी असते. मला बोलावयाचे आहे ते खंडणी घेणाऱ्याविषयी, आणि तिला पुरावा मानणाऱ्या व्यवस्थेविषयी.

न्यायालयांनी या बाबतीत कामगाराला एकटे सोडलेले नाही. एल. रॉबर्ट डिसूझा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असे ठरविले की, गैरहजेरीचे निमित्त करून पटावरून नाव काढणे हीसुद्धा कामगारकपातच होय. डी. के. यादव यांच्या खटल्यात, १९९३ साली, त्याच न्यायालयाने सांगितले की, कामगार आठ दिवस आला नाही म्हणून नोकरी आपोआप संपली असे मालकाला एकतर्फी म्हणता येत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण उपजीविकेचा प्रश्न राज्यघटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांपर्यंत पोहोचतो. नोकरी सोडणे ही मनाची क्रिया आहे, आणि ती कामगाराच्या मनात होती हे दाखविण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर असावी, हा न्यायाचा साधा दंडक. विमा कार्यालयाच्या मेजावर मात्र तो उलटा होतो. तेथे कारकुनाने निवडलेले कारण आधी सत्य धरले जाते, आणि ते असत्य असल्याचे सिद्ध करावयास ३० दिवस उपाशी बसलेल्या माणसाला सांगितले जाते.

इंग्लंडमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारीचा विमा सुरू झाला, तेव्हाही कारणावाचून स्वतः काम सोडणाऱ्यास आणि गैरवर्तनाने काढलेल्यास काही काळ भत्ता नव्हता. म्हणजे ‘स्वखुशी’चा वाद जगात नवा नाही. परंतु तेथे वाद उत्पन्न झाल्यास मालकांचा एक प्रतिनिधी, कामगारांचा एक प्रतिनिधी आणि तटस्थ अध्यक्ष असे मंडळ त्याचा निर्णय करी. शंभर वर्षांपूर्वी जे तेथे झाले, ते आज आपल्या गणेशपेठेतील विमा कार्यालयाच्या पातळीवर का होऊ नये? माझी सूचना याहूनही लहान आहे. ‘सेवा सोडली’ हे कारण मालकाने नोंदविताच कामगाराच्या भ्रमणध्वनीवर मराठीत एक ओळ जावी आणि हे खरे आहे काय, असे त्याला विचारले जावे. त्याने ‘नाही’ म्हटले तर सिद्ध करण्याचा भार मालकावर पडावा. पैसे जमा झाल्याचा संदेश पाठविता येतो, तर हाही पाठविता येईल.

यावर असे म्हणण्यात येते की, भार मालकावर टाकला तर खोट्या बेकारांचे पेव फुटेल. हा आक्षेप मला ऐकवला जातो तेव्हा मी एवढेच विचारतो : आयुष्यात एकदा, ९० दिवस, निम्म्या वेतनावर बसण्यासाठी कोणता शहाणा माणूस चालू नोकरी सोडील?

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ही योजना अजून कायद्याचा स्थायी भाग झालेली नाही. ती प्रायोगिक म्हणून दोन वर्षांसाठी आली आणि पुढे मुदतवाढीवर जगत राहिली. २०२४ साली तिला ३० जून २०२६ पर्यंत वाढ देण्यात आली. सबब दावा करण्यापूर्वी त्या दिवसाची मुदत आणि त्या दिवसाचा दर शाखा कार्यालयात प्रथम विचारून घ्यावा. परंतु जो हक्क पुन्हा पुन्हा कोणाच्या तरी बैठकीत नवा करून घ्यावा लागतो, त्यास हक्क म्हणणे मला जड जाते. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारीत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करण्यास राज्याला सांगितले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेत, कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचे वेतन कौशल्यनिधीत भरावे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जावे, अशी तरतूद आहे. चांगली आहे, पण पाहा, तेथेही किल्ली ‘कपात’ याच शब्दात आहे. ‘स्वखुशी’ लिहिली की हेही दार बंद.

येथे आपल्याच घरात डोकावून एक गोष्ट बोलावी लागेल. आपल्या सभासंमेलनांतून सरकारी नोकरीतील राखीव जागा आणि जातीचे दाखले यांविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि ते आवश्यक आहे. बौद्ध झालेल्यांच्या सवलतींसाठी महाराष्ट्रात १९६० पर्यंत आणि केंद्रात १९९० पर्यंत झगडावे लागले, हे कोण विसरेल? परंतु ठेकेदाराच्या पटावरील आपल्या मुलाचा विमा क्रमांक काय, हा प्रश्न त्या व्यासपीठावरून मी क्वचितच ऐकला. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांनी मला असे विचारले की, धर्मांतरामुळे हा लाभ जाईल काय? निःशंक असावे. या दाव्यास जातीचा दाखला लागत नाही आणि धर्माचा संबंध येत नाही. तो केवळ श्रमावर आणि हप्त्यावर उभा आहे. अडचण येते ती निराळी. दीक्षेनंतर कोणी नाव वा आडनाव बदलले असेल, किंवा एकच आडनाव इंग्रजीत आधारपत्रावर एका तऱ्हेने आणि विम्याच्या नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले असेल, तर संगणक त्यांना दोन माणसे समजतो आणि पैसा अडतो. नाव बदलणाऱ्याने राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत सांभाळावी आणि आधार, बँक व विमा या तिन्ही नोंदी नोकरी चालू असतानाच एकसारख्या करून घ्याव्यात. काम गेल्यावर दुरुस्ती मागावयास गेले की त्यासाठी मालकाकडेच जाण्याची पाळी येते.

आणि फाटकावरच्या त्या सहीविषयी. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे तर झालेच. ‘स्वखुशीने’ असे लिहिलेला कागद पुढे आला तर पगार मिळाल्याची पोच स्वतंत्र कागदावर देण्याची तयारी दाखवावी. पगार ही झालेल्या कामाची मजुरी आहे आणि ती रोखण्याचा अधिकार कोणास नाही. सही करणे भागच पडले तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, घडलेला प्रकार तारखेसह लिहून ठेकेदाराला व मूळ कारखान्याला नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि पावती जपावी. मूळ कारखान्याला मुद्दाम म्हणतो. ठेकेदाराच्या कामगाराचे अंशदान भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहे. अंशदान कापूनही भरले नसेल तर १९४८ च्या कायद्याच्या ६८ व्या कलमाने महामंडळाला असा अधिकार दिला होता की, कामगारास त्याचा लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी. म्हणून ‘तुमचे पैसेच आलेले नाहीत’ हे खिडकीवरील उत्तर अंतिम समजू नये. पगारपत्रके, हजेरीकार्ड, फाटकाचा पास, बँकेतील वेतनाच्या नोंदी, जे जे असेल ते घेऊन तक्रार लेखी करावी.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर परत फिरू नये. लेखी कारण हाती आल्यावर कर्मचारी विमा न्यायालय आहे. १९४८ च्या कायद्याने ते निर्माण केले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते ठेवले आहे. शेकड्यावर दलाली मागून ‘काम करून देतो’ म्हणणारे लोक कार्यालयाच्या आवारात भेटतील. त्यांच्या हाती आधारपत्र देऊ नये. वकिलाचे शुल्क परवडत नाही म्हणून न्यायालयाची पायरी न चढणाऱ्यांसाठी सांगतो की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्री, तसेच अनुसूचित जातीची व्यक्ती यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. अर्ज नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. सोबत नकाराचे पत्र, विमा क्रमांक आणि नोंदणीकृत टपालाची ती पावती न्यावी.